वरच्या खोल्या सोडविल्याची बखर

वास्तुपुरुषास आणि नळास येणाऱ्या पाण्यास नमन करोन हकीकत लिहिली, ती ऐसी जे. शके अठराशे त्र्याण्णव, विरोधकृत्‌नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध पंचमीस श्रीमंत दामोदरपंत घैसास यांचे दोन मजली राज्यात मोठा पेच पडला. श्रीमंत तळमजल्यावर राज्य करीत आणि वरच्या दोन खोल्यांचा सुभा टिपणीस नामे भाडेकरू व त्यांची स्त्री शालिनीबाई यांचे हाती होता. करार अकरा महिन्यांचा, आणि नववे वर्ष लागले होते. श्रीमंतांनी दोन वेळा "आता दुसरी जागा बघा" ऐसे सांगोन पाहिले, टिपणीस दोन्ही वेळा "बघतो की" म्हणोन हसले आणि जागचे हलले नाहीत. परंतु आता कन्या वत्सला पहिल्या बाळंतपणास पौषात माहेरी येणार, आणि तळमजल्यास ओल ऐसी की भिंतीस टेकता सदरा भिजावा, आणि वरच्या खोल्यांस दिवसभर ऊन. लेक ओलीत बाळंत व्हावी हे श्रीमंतांचे जिवास सोसेना. बरे, पहिलटकरणीची बातमी फोडली तर दृष्ट लागेल, म्हणोन राणीसाहेब उमाबाई यांनी ती सक्त दाबोन ठेविली होती.

मग श्रीमंतांनी वकिलाकडोन नोटीस करविली आणि ती घेवोन जिना चढणार, तो राणीसाहेब आडव्या येवोन बोलिल्या, "वरची वाटी आहे आपल्याकडे, अळूवड्यांची. ती भरून गेल्याशिवाय तुम्ही भांडायला जायचं नाही." कारण दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये ही या राज्याची रीत. मग वाटीत मेतकूट घालोन वर धाडिले, आणि तीच वाटी सांजेस लिंबाचे लोणचे घेवोन खाली आली, मग करंज्या वर गेल्या, आणि गाजराचा हलवा खाली आला. ऐसा मार्गशीर्ष सरला. श्रीमंत खिशात नोटीस ठेवोन हलवा खात आणि खाता खाता त्यांचा फार संताप होई, कारण हलवा उत्तम होता.

पौष लागला आणि कन्येचे पत्र आले की येत्या गुरुवारी येते. तेव्हा श्रीमंतांचा धीर सुटला. त्यांनी वाटी घेतली, नोटिशीची घडी करोन तीत ठेविली, रीत मोडली नाही ऐसे मनास बजाविले, आणि वर जावोन वाटी शालिनीबाईंचे हाती दिली. टिपणीसांनी चष्मा लावोन मोठ्याने वाचिले, "कन्येच्या प्रसूतीकरिता जागेची निकड असल्याने..." आणि थांबले.

"म्हणजे वत्सूला दिवस गेलेत?" शालिनीबाई बोलिल्या. "आणि हे आम्हाला वकिलानं सांगावं?"

श्रीमंत खाली पाहोन बोलिले, "सांगायचं राहिलं."

"अहो पंत," टिपणीस म्हणाले, "एक शब्द टाकला असता तर दिवाळीतच खोल्या मोकळ्या केल्या असत्या."

श्रीमंतांचे डोळा पाणी आले, आणि ज्यास दोन महिने मनात शिव्या दिल्या त्याचा हात हाती घेतला. दुसरे दिवशी वरच्या खोल्यांस चुना जाहला आणि उन्हाच्या खिडकीशी खाट पडली. मग श्रीमंतांनी आनंदाने विचारिले, "सामानाला हातगाडी सांगू ना?"

"हातगाडी कशाला?" शालिनीबाई बोलिल्या. "खालीच तर न्यायचंय, तुमच्याकडे. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, उमावहिनींना एकटीला झेपणार का?"

"मीच बोलावलंय त्यांना," राणीसाहेब म्हणाल्या.

मग टिपणीसांची ट्रंक श्रीमंतांचे शयनगृही गेली, आणि श्रीमंतांचे खुर्चीत टिपणीस वर्तमानपत्र वाचू लागले, आणि श्रीमंतांचा डेरा पडवीत सायकलीशेजारी पडला. माघात कन्येस कन्या जाहली, उभयता उन्हात सुखरूप, आणि श्रीमंत नातीकडे पाहोन पडवीतले डास विसरले. पुढे चैत्रात लेक-नात सासरी रवाना जाहल्या. तेव्हा श्रीमंत फार मऊ आवाजात बोलिले, "टिपणीस, आता वर जायला हरकत नाही."

टिपणीसांनी वर्तमानपत्र खाली केले. "जिना चढवत नाही हो पंत आता. खालीच बरं पडतं. तुम्ही राहा की वर निवांत. आमचं काही म्हणणं नाही."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सुभा हाती आला, तख्त गेले. श्रीमंत हल्ली वरच्या खोल्यांत असतात आणि ऊन भरपूर आहे.