बोलतोय तो ठीक आहे

"माणूस खरंच जायला निघालाय की नुसता गोंधळ घालतोय, हे मी जिन्यात असतानाच सांगतो," असं उस्ताद छातीठोकपणे म्हणायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. अर्धं आयुष्य त्यांनी अँब्युलन्समध्ये पेशंटच्या उशाशी बसून काढलं होतं. बरोबरचे सगळे त्यांना उस्तादच म्हणत. खरं नाव बहुधा बायकोलाच तेवढं आठवत असावं, आणि ती ते घेत नसे.

उस्तादांचा एक नियम होता. गाडीवर नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला तो ऐकावाच लागे. अपघाताच्या जागी पोचलात की आरडाओरडा करणाऱ्याकडे आधी धावू नका. ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे. कडेला जो गप्प पडलाय, त्याला आधी गाठा. नियम चोख होता, त्यापायी कितीतरी माणसं आपल्या पायांनी घरी परतली होती. घोळ एवढाच झाला, की कामावरचे बूट उस्ताद दाराबाहेर काढत, पण नियम मात्र घरात घेऊन येत.

आणि घरात बायको होती. बोलकी होती बिचारी.

"अहो, पाठ भरून आलीय."

"बोलतेयस ना? मग ठीक आहेस."

"अहो, बोट कापलं."

"नळाखाली धर. आज एकाचा अख्खा हात मशीनमध्ये गेला होता."

आता मशीनमध्ये गेलेल्या हातापुढे कापलेलं बोट काय टिकणार? तिची प्रत्येक तक्रार अशी कोणाच्या तरी मोठ्या दुखण्याखाली चिरडली जायची. एकदा ती भाजीची पिशवी घेऊन वर आली, दारातच खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "अहो, जिना चढला की छातीत धडधडतं हल्ली. मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो."

उस्ताद पायमोजे काढत होते. "तीन मजले चढून वर एवढं लांबलचक वाक्य बोललीस. ठणठणीत आहेस तू."

यावर ती काहीच बोलली नाही. उस्तादांना वाटलं, पटलं.

पुढं गुरुवारी त्यांना सुट्टी होती. पेपर उघडून त्यांनी हाक मारली, "अगं, माझा चष्मा कुठाय?"

उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. बायको समोरच पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती, तिनं मान वर केली नाही. उस्तादांनी पेपर खाली ठेवला. ज्या घरात हाकेआधी उत्तर यायचं, तिथं आज चिडीचूप. जन्मभर ज्या शांततेकडे ते धावत गेले होते, ती आज त्यांच्याच पलंगावर येऊन बसली होती.

ते धावले. "अगं, माझ्याकडे बघ. हसून दाखव."

बायकोनं बघितलं. आधी ओठ घट्ट मिटले, मग तोंडाचा एकच कोपरा जरासा वर गेला. त्याला आपण कुत्सित हसणं म्हणतो. उस्तादांना तोंड वाकडं झालेलं दिसलं.

"दोन्ही हात वर कर."

एका हातात चादर होती. दुसऱ्या हातानं तिनं त्यांना 'व्हा बाजूला' असं खुणावलं. एकच हात उचलला गेला!

"बरं, आता काहीतरी बोल. काहीही बोल. मला शिव्या दे."

एवढी चांगली संधी चालून आली, तरी ती बोलली नाही. तोंड, हात, वाचा, तिन्ही गेली. लकव्याचा झटका दुसरा कसा असतो? त्यांनी फोन लावला.

गाडी त्यांचीच आली. ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, तो जोडीदाराला घेऊन स्ट्रेचरसकट धापा टाकत वर आला. बायको उठून दाराकडे निघाली, तर उस्तादांनी तिला धरून आडवं केलं आणि पट्टे आवळले. तिनं तोंड उघडलं असतं, तर सगळं तिथल्या तिथं मिटलं असतं. पण तोंड उघडलं असतं म्हणजे धरलेला अबोला तिनंच मोडला असता, आणि तेवढी कच्ची ती नव्हती. शिवाय उस्तादांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला होता, ते ती जरा नवलानं बघत राहिली. प्रत्येक मजल्यावरची दारं उघडली. "काय झालं हो?" सगळ्यांनी विचारलं, आणि पेशंट सोडून सगळ्यांनी उत्तरं दिली.

गाडी निघाली. ड्रायव्हरनं पुढून विचारलं, "उस्ताद, वहिनी शेवटच्या नीट कधी बोलल्या?"

हा प्रश्न उस्तादांचाच. लकव्यात गुठळी विरघळवायचं औषध ठरावीक वेळेतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा धड कधी होता हे घरच्यांना विचारावंच लागतं. ज्यांना सांगता येत नसे, त्यांना उस्ताद फैलावर घेत. "एका घरात राहता ना? आई शेवटचं कधी बोलली, एवढंही माहीत नाही?" कितीतरी लेकांनी त्यांच्यासमोर माना खाली घातल्या होत्या.

उस्ताद आठवू लागले. सकाळी? सकाळी चहा टेबलावर होता. काल? काल ते स्वतःच बोलत होते, ड्युटीवरच्या गोष्टी सांगत होते. परवा? परवाही तेच. तिचा एक शब्द आठवेना. ते एकटेच बोलत होते आणि घर भरल्यासारखं वाटत होतं. त्यांना भडभडून आलं. बायकोचा हात त्यांनी आणखी घट्ट धरला, आणि घाबरू नकोस, घाबरू नकोस असं स्वतःलाच सांगत राहिले.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई तयारच होत्या. "शेवटचं नीट कधी बोलल्या?"

"सकाळी. बहुतेक."

"बहुतेक चालणार नाही. औषध द्यायचं की नाही, ते त्यावर ठरणार आहे."

उस्तादांनी मान खाली घातली. "मला माहीत नाही," ते म्हणाले. असं उत्तर ऐकलं की ते स्वतः जसे बघायचे, तसंच ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत होता.

"रविवारी," स्ट्रेचरवरून खणखणीत आवाज आला. "छातीत धडधडतं म्हणून सांगितलं यांना, तेव्हा. त्यानंतर मी बोललेच नाही. आज गुरुवार. यांना आज कळलं."

सगळे चिडीचूप झाले. त्यांत आता श्वास कोणाचा चालू होता, हे उस्तादांनाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत विचारलं, "धडधडतं? कधीपासून?" आणि छातीला तारा लावल्या. लकवा नव्हताच. पण ठोके खरंच चुकत होते. "असं दुर्लक्ष झालं असतं, तर गुठळी होऊन पुढं खरोखरच लकव्याचा झटका आला असता," त्या म्हणाल्या. "वेळेत आणलंत."

ड्रायव्हरनं उस्तादांची पाठ थोपटली. "मानलं तुम्हाला. जिन्यातच ओळखता तुम्ही." उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिन्याचंच तर तिनं सांगितलं होतं.

संध्याकाळी दोघं रिक्षानं घरी निघाली. बायको चार दिवसांचं साठलेलं बोलत होती. गोळ्या, शेजारीण, लेकीचा फोन, स्ट्रेचरच्या पट्ट्यानं दुखावलेलं कोपर. उस्ताद ऐकत होते. एक शब्द नाही. बऱ्याच वेळानं ती थांबली.

"अहो, माझ्याकडे बघा. हसून दाखवा."

उस्तादांना हसू येईना.

"बरं, बोला एखादं वाक्य."

"चुकलो," उस्ताद कसेबसे म्हणाले.

"वाक्य म्हटलं मी. हा एकच शब्द झाला, तोही अडखळत." तिनं त्यांचा हात हातात घेतला. "असू दे. बोलताय ना? मग ठीक आहात."