लिंगोपंतांनी तटामागील रान मोजिले त्याची हकीकत

श्रीगजाननास वंदन, कुलदेवतेस वंदन, आणि जी भूमी न बोलता सर्वांचे ओझे वाहते तीसही वंदन करोन हकीकत लिहिली ती ऐसी. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुख नाम संवत्सर, वैशाख मासी, एका राज्यात लिंगोपंत म्हणोन सरकारचे नकाशनवीस होते. वय साठ. तीस वर्षे स्वाऱ्यांबरोबर मुलूख हिंडले आणि घाट, नद्या, उतार, ठाणी सर्व कागदावर उतरिली, आणि कोणत्या दूरच्या खिंडीत कोणते झाड हे डोळे मिटोन सांगत. पुढे गुडघे धरले आणि त्याच वर्षी स्त्री निवर्तली, मग स्वारीवर जाणे राहिले, आणि पंत दप्तरात बसोन जुन्या नकाशांच्या नकला करीत व घरी येवोन भिंतीकडे तोंड करोन पडत. सून जेवावयास उठवी तेव्हा दोन घास घेत आणि पुन्हा पडत.

त्या समयी परमुलखाहून बारा हत्ती नजराणा आले आणि पीलखान्यास जागा हवी जाली. दिवाणांनी शहराचा नकाशा पुढे ओढिला, तो पंतांचेच हातचा, आणि त्यात उत्तर तटामागे टेकडीपासोन ओढ्यापर्यंत कोरा कागद होता. दिवाण बोलिले, "ही जागा रिकामी दिसते. रान तोडोन सपाट करू. पंत, आपण मोजणी करोन आठ दिवसांत कागद हुजुरात दाखल करावा." पंत "आज्ञा" म्हणोन उठले. ती जागा आपले घरापासोन हाकेवर, आणि तेथे आपण कधी पाऊल टाकिले नाही, हे त्यांस वाटेत सुचले आणि मनी ओशाळले.

दुसरे दिवशी सकाळी मोजणीची दोरी घेवोन तटाबाहेर गेले, तो करवंदीचे जाळीत भिवरी नामे ठाकरीण टोपलीत करवंदे वेचीत होती. ती म्हणाली, "तिकडनं नका जाऊ, बाबा. साळिंदराचं बीळ हाय."

पंत बोलिले, "मज सरळ रेघेत जाणे आहे."

"रानात सरळ कसं जाल? माझ्यामागनं या."

मग ती पुढे आणि पंत मागे, ऐसे निघाले. ओढ्याचे डोहावर खंड्या सूर मारी, बिब्ब्याखाली मुंगसे खेळत, आणि भिवरी ज्या ज्या झुडपास हात लावी त्याचे नाव व उपयोग सांगे, आणि पंतांनी दोरी गुंडाळोन लेखणी काढिली. टेकडीचे पोटी एक जुनाट बेहड्याचे झाड, त्याचे ढोलीत ककणेर म्हणोन मोठे चोचीचा पक्षी, त्याची मादी चिखलाने दार लिंपोन अंड्यांवर बसली होती, आणि नर चोचीत उंबरे आणोन फटीतून एक एक देत होता. पंत दोन घटका उभे राहिले. गुडघे दुखतात हे ध्यानी राहिले नाही, आणि डोळे भरोन आले ते पुसले नाहीत. मग पुसिले, "भिवरे, हे रान तोडावयाचे आहे. तू कोठे जाशील?"

भिवरी म्हणाली, "मी जाईन कुठंबी. ती आत बसलीया, ती कुठं जाईल?"

मग पंत रोज रानात गेले, आणि आठवे दिवशी कागद दरबारी ठेविला. त्यात झाडे, बिळे, डोह, घरटी, पायवाटा ऐसी दाटी की बोट ठेवावयास ठाव नाही. दिवाण रागावोन बोलिले, "मोजणी सांगितली होती. रिकामी जागा किती ते सांगा."

तीस वर्षांत पंतांनी हुकमापुढे शब्द काढिला नव्हता, तरी बोलिले, "शोधिली. सापडली नाही."

महाराज बहुत वेळ कागद न्याहाळीत राहिले आणि म्हणाले, "शिकारीस आम्ही चाळीस कोस जातो, आणि हे आमचे तटामागे? उद्या दाखवा."

दुसरे दिवशी खासी स्वारी पायउतार होवोन रानात शिरली, पुढे भिवरी. टेकडीवरील खडकाळ माळावर येताच एक टिटवी डोईवर ओरडो लागली आणि भिवरी म्हणाली, "महाराज, पाय खाली टाकू नका." हुजरे चपापले. महाराजांनी उचलिलेला पाय अधांतरी तैसाच ठेविला आणि पंतांचा खांदा धरोन खाली पाहिले, तो गोट्यांमध्ये गोट्यांच्याच रंगाची चार अंडी. मग हळूच पाऊल मागे घेवोन हसले आणि म्हणाले, "वाघापुढे आम्ही मागे सरलो नाही. आज सरलो."

दिवाण म्हणाले, "आणि हत्ती?" तेव्हा पंतांनी दुसरा कागद काढिला. ओढ्यापलीकडे जुनी दगडाची खाण, जमीन आधीच फोडलेली, पाणी जवळ. दिवाणांनी तो दोनदा वाचिला आणि मान हलविली. हत्तींस येण्याजाण्याची वाट करावयास रानाचा पूर्वेकडील पट्टा गेला, त्यात सात पळस तुटले आणि पंत त्या दिवशी जेवले नाहीत. बाकीचे रानास कुऱ्हाड लावू नये, आणि भिवरी व तिचे लोकांस अडवू नये, ऐसा हुकूम जाला.

सारांश, हत्ती राहिले आणि रानही बहुतांशी राहिले. लिंगोपंत पुढे अकरा वर्षे वाचले, आणि शहरापासोन कोसभराचे बाहेर गेले नाहीत, तरी त्या वर्षांत त्यांनी जितके कागद भरिले तितके सर्व स्वाऱ्या मिळोन भरिले नव्हते. लिहिणाराचे उणे पदरात घ्यावे, वाचणाराचे कल्याण असो.