वाळूच्या उतारूंची बखर

श्री चाके चालविणारी आणि दारे मिटविणारी जगन्माता प्रसन्न असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचे सुमारास एका राज्याचे कारखान्यात विजेची नवी गाडी सिद्ध जाहली, तिचे वर्तमान ऐसे की, राज्यातील रयत आसपासचे गावांहून राजधानीस नित्य चाकरीस येई आणि सांजेस माघारी जाई, त्यांस एक जुनी गाडी होती, ती वाटेत दमे, आणि थांबली म्हणजे का थांबली हे तिचे तीसच ठाऊक. याकरिता हुजुरांची आज्ञा जाहली की, नवी गाडी आपले कारागिरांनी आपले राज्यातच करावी. मग कारखानीस भास्करपंत निगुडकर सहा वर्षे खपले आणि आठ डब्यांची गाडी उभी केली. माथ्यावरची दांडी तारेस लागली की गाडी ऐसी निघे की पेल्यातले पाणी हलू नये, आणि दारे आपोआप मिटत, आणि एक दार जरी उघडे राहिले तरी गाडी जागची हलत नसे, ऐसी तिची शिस्त.

या दारांचा कारभार कृष्णाबाई ढमाले यांजकडे होता. बाईंनी अठरा वर्षे दुरुस्तीखान्यात जुन्या दारांस तेल घातले, आणि आता नव्या गाडीचे दारांचा शिक्का प्रथमच त्यांचे हाती आला. तो शिक्का कागदावर उमटल्याखेरीज गाडीत रयत बसवू नये, ऐसा कायदा. बाई तो रुमालात बांधून जेवणाचे पिशवीत ठेवीत, आणि जेवता जेवता एकदा सोडून पाहत, मग पुन्हा बांधीत.

गाडीचे परीक्षेचा रिवाज ऐसा की, माणसांचे जागी वाळूची पोती बसवावी. शीत मुलखातील कारागिरांनी याविषयी ग्रंथ लिहिला होता, त्याबरहुकूम जमादार तुळशीराम यांनी आठही डबे भरिले. दर बाकावर पोती टेकवून बसविली आणि उभ्या उतारूंची पोती सारख्या अंतराने मांडिली, वाकडे एक दिसेना. खिडकीशी एक थोर पोते होते, त्यास मंडळी पाटील म्हणू लागली, आणि पाटलांचे पायाशी कोणी जोडे ठेवू नयेत ऐशी ताकीद जाहली. मग गाडी धावली, वेग धरिला, नेमक्या जागी थांबली, आणि प्रत्येक मुक्कामी दारे उघडली व मिटली. भास्करपंतांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले.

सप्तमीस बाई सांजेस जुन्या गाडीने घरी निघाल्या. आपले गाव दोन मुक्काम दूर असता त्यांनी पिशवी उचलिली आणि उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पाहतात तो शेजारची मास्तरीण उठली, दोघे कारकून उठले, आणि एका गृहस्थांचे गाव तर तीन मुक्काम दूर होते, तेही येऊन उभे ठाकले. आपले गाव आले आणि दार गाठता न आले तर काय, ही या राज्यातील मनुष्यमात्राची जन्माची काळजी. बाईंचे मनात आले की, पोती ऐसे करीत नाहीत. मग त्या रात्री जेवण गोड लागले नाही.

दुसरे दिवशी सकाळीच बाई पंतांकडे गेल्या आणि पोती दाराशी रचून पाहावी म्हणून विनंती केली. पंत ग्रंथ मिटून म्हणाले, "बाई, पोती आपले पायांनी दाराशी जाणार काय?"

"पोती नाही जाणार, पंत. माणसे जातील. तीस जण एकाच दाराशी उभे राहिले तर उंबरठ्याखालची तुळई वाकून दार अडते की कसे, ते कोणी पाहिले?"

पंतांनी पुष्कळ समजाविले की, दरबारचे तपासनीस दशमीस येतात, आता खोड निघाली तर तुळई बदलता पौष लागेल, आणि पौषात नवे काही कोणी काढीत नाही. बाई म्हणाल्या, पौषात लोक चाकरीस जातात की. तेव्हा पंत संतापले आणि बोलिले, "शिक्का करायचा नसेल तर भांडारात बसून स्क्रू निवडा. शिक्का दुसऱ्याचे हाती देतो." बाईंस भांडाराचे भय नव्हते ऐसे नाही. तेथे खिडकीदेखील नाही. परंतु त्यांस दिसत होते ते निराळेच. पहिल्याच दिवशी गाडी भरून उभी, दार मिटेना, गाडी हलेना, आणि लोक म्हणताहेत की आपल्याच्याने होत नाही, मग ही गाडी छपराखाली जाईल आणि या राज्यात पुन्हा कोणी दुसरी करावयास धजणार नाही.

दशमीस तपासनीस त्र्यंबकराव हिवरकर आले. बोलणे थोडे, पाहणे फार, ऐसा मनुष्य. पोत्यांमध्ये चार बाके मोकळी ठेविली होती तेथे मंडळी बसली आणि गाडी निघाली. दारे मुक्कामोमुक्कामी चोख मिटली, आणि पंतांनी कागद पुढे केला. बाईंनी रुमालावर हात ठेविला पण गाठ सोडिली नाही. म्हणाल्या, "पोत्यांस दार मिटते हे पाहिले. माणसांस मिटते हे पाहिले नाही. मी शिक्का करीत नाही." पंत लाल जाहले. त्र्यंबकरावांनी पुसिले की, ग्रंथात सांगितले तैसे केले की नाही. केले, ऐसे पंत म्हणाले. मग त्र्यंबकराव बाईंस म्हणाले, "शेवटच्या मुक्कामापावेतो विचार करा. तेथे कागदावर शिक्का उमटवा, नाहीतर शिक्का पंतांचे स्वाधीन करा."

गाडी चालली. बाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या. शेवटचा मुक्काम दोन मुक्काम दूर राहिला, आणि त्र्यंबकरावांनी चष्मा डबीत घातला, कोटाची गुंडी लाविली, बॅग उचलिली आणि उठून दाराशी जाऊन उभे राहिले. मागून त्यांचे दोघे कारकून उठले, मग तुळशीराम, आणि मग सवयीने पंतही. बाकावर बाई आणि पोती तेवढी राहिली.

बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, अजून दोन मुक्काम आहेत."

"ठाऊक आहे. ऐन वेळी धावपळ नको म्हणून—" आणि त्र्यंबकराव बोलता बोलता थांबले. मागे वळून पंतांकडे पाहिले, पंतांनी तुळशीरामाकडे पाहिले, आणि सर्वांनी मिळून बाकांवर स्वस्थ बसलेल्या पोत्यांकडे पाहिले. प्रथम हसले ते त्र्यंबकरावच, आणि हसून होताच म्हणाले, "पोती दाराशी आणा."

शेवटच्या मुक्कामी एका डब्यातील पोती दाराशी रचिली. दार सरकत आले आणि चार बोटे राहिली तेथे अडले. आणि गाडी आपले शिस्तीप्रमाणे जागची हलेना. पंत मटकन एका पोत्यावर बसले. तुळशीराम म्हणाला, "पंत, उठा, ते पोते अजून न्यायचे आहे." तेव्हा पंत उठले आणि बाईंजवळ येऊन इतकेच म्हणाले की, मीदेखील उठलो होतो. बाई म्हणाल्या, "आपण सगळेच उठतो, पंत. त्यात काय."

मग तेवीस दिवस काम चालले. उंबरठ्याखालच्या तुळया जाड केल्या, दाराचे खालची पट्टी सरकावयास मोकळीक दिली, आणि पंत स्वतः डब्याखाली पाठीवर निजून बोल्ट आवळीत. पौष शुद्ध तृतीयेस पुन्हा परीक्षा जाहली, त्या दिवशी पोती नव्हती. कारखान्यातील लोहार, तारवाले, कारकून, स्वयंपाकघरातील बाया, फाटकावरचे पहारेकरी, सर्व मिळून दाराशी दाटले, आणि कोणी कोणाचे पायावर उभे, कोणी कोणास सरका म्हणते आहे, आणि सरकत कोणीच नाही. दार आले, क्षणभर माणसांचे पाठीशी थबकलेसे वाटले, आणि मिटले. गाडी हलली. बाईंनी गाठ सोडिली आणि शिक्का ऐसा दाबून केला की खालचे तीन कागदांवरही उमटला.

सारांश, गाडी पौषात निघाली आणि चालते आहे. रयत अद्याप दोन मुक्काम आधीच उठते, दाराशी दाटते, आणि तरी दारे मिटतात. हे पाहणाऱ्यांनी सांगितले तैसे लिहिले, अधिक उणे असेल ते लिहिणारीचे.