डोहाच्या पोटातली नावं

शब्बीरला एसटी स्टँडची वाट विचारा. तो आधी छाती भरून दम घेईल, तोंड मिटेल आणि मग नुसत्या बोटानं दाखवील. सगळी उमर पाण्याखाली वाटा शोधण्यात गेली, त्यामुळे जमिनीवरची वाटसुद्धा त्याला दम धरल्याबिगर दाखवता येत नाही.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावाखाली नदीला डोह आहे. खडकात पाण्यानं कोरलेले मोठाले रांजण पडलेत, आणि ते पाण्याखालून बोळांनी एकमेकांना जोडलेत. शब्बीर बुडी मारून एकेक बोळ धुंडाळायचा आणि वर आला की त्याला नाव द्यायचा. एका बोळात एक पैलवान खांद्याला अडकला. आम्ही पाय धरून ओढला, लंगोट आतच राहिला. ती 'पैलवानाची फजिती'. एका भोकात तीनदा डोकं घातलं तरी काम होत नाही. ती 'तलाठ्याची खिडकी'.

शेवटच्या बोळाला मात्र नाव नव्हतं. त्यावरून आमचं जुनं भांडण. त्याचं तोंड आधी मी पाहिलं होतं, म्हणजे नाव माझं.

"पाहिलंस, व्हय. पन आत कोन गेल्तं?" शब्बीर म्हणायचा.

मी दुसरीतून शाळा सोडली, हट्ट काही सोडला नाही.

परवा पुण्याहून चौघं जण पाठीवर हवेच्या टाक्या घेऊन आले. त्यांना डोहाचा नकाशा करायचा होता. शब्बीर काठावर बसून नावं सांगत गेला. शेवटच्या बोळापाशी लिहून घेणाऱ्याचं पेन थांबलं. मी टोपी सारखी केली.

"लिवा, अमिनाची वाट," शब्बीर म्हणाला.

अमिना त्याची बायको. वारली ती, दोन वर्षं झाली.

"शब्ब्या, वहिनी घोट्याच्या वर पान्यात कधी उतरली न्हाई!"

"न्हाईच उतरली. काठावर बसून पान्यात गोट्यावर गोटा हानायची. आत सगळा काळोख. त्या आवाजाच्या रोखानं मी माघारी यायचो. आत जायाचं तोंड तूच दावलंस, भिवा. भायेर कोन आनत हुतं?"

पेनवाला माझ्याकडं बघायला लागला. "काय लिहू, बाबा?"

तोंड आधी मीच पाहिलं, हे मी आजही सांगतो.

"तो म्हनतो तसं लिवा."

चौघं खाली गेले. त्यांच्याजवळ दोरी होती, बॅटऱ्या होत्या. तरी शब्बीरनं दोन गोटे उचलले, हात पाण्यात घातले आणि ठोकत बसला. बऱ्याच वेळानं त्याचे हात भरून आले, तेव्हा गोटे मी घेतले.

"हळू हान," तो म्हणाला. "ती एवढ्या जोरात न्हाई हानायची."