मुकम्मल खामोशी

आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत पाठककाकांच्या फाटकावर लाल पंचा लटकला, की घरोघरच्या कुकरच्या शिट्ट्या बंद होतात. कुकर आपणहून गप्प बसत नाही. माझी बायको तो दाणकन खाली उतरवते आणि पंच्याच्या दिशेनं चार शब्द बोलते. अर्थात, हळू आवाजात. पंचा म्हणजे आत रेकॉर्डिंग चालू.

काकांकडे सीडी भरायचं यंत्र आहे. कॅसेटवरचं गाणं ते कोऱ्या सीडीवर उतरवतं, आणि कॅसेट जितका वेळ वाजेल तितकाच वेळ घेतं. अख्खं जग मोबाइलवर गाणी ऐकायला लागलं, तरी काकांचा डेक भरतकामाच्या रुमालाखाली नवरदेवासारखा बसलेला. त्यांचा पुण्यातला मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, हे कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत होतं."

काका म्हणाले, "होतं की. लग्न पण कोर्टात पाच मिनिटांतच होतं."

काकांचे वडील निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले. शेती वाटण्यांत गेली, काकांच्या वाट्याला एक शब्द आला: मुकम्मल, म्हणजे परिपूर्ण. चहा जमला तर तो मुकम्मल, भेंडी चिकट झाली तर ती 'मुकम्मल नाय'. सीडी भरून झाल्यावर शेवटचं एक बटण दाबावं लागतं, म्हणजे ती कुठल्याही प्लेअरवर वाजते. ते दाबताना काका डोळे मिटतात आणि मग नातू झाल्यासारखं जाहीर करतात, "झाली मुकम्मल!"

आता प्रत्येक घरात एखादी कॅसेट असतेच. वाजवायला काही नसतं आणि टाकायला मन होत नाही. अशी कॅसेट काका फुकट उतरवून देतात. अट एकच. मालकानं शेवटपर्यंत समोरच्या खुर्चीत बसायचं आणि हूं की चूं करायचं नाही. "माल तुमचा, तर पहारा पण तुमचाच. अन् खामोशी पायजे. मुकम्मल खामोशी!"

शेजारचे सोनवणे बायकोला घेऊन स्वतःच्या लग्नाची कॅसेट उतरवायला गेले. कॅसेटमध्ये मंगलाष्टकं कमी आणि मानपानावरून दोन्हीकडच्या मामांची भांडणंच जास्त. नवराबायकोला तासभर शेजारी बसून ती तोंड मिटून ऐकावी लागली. मध्येच सोनवण्यांना शिंक आली, तर काकांनी असं काही पाहिलं की ती आल्या पावली परत गेली. बाहेर आल्यावर दोघांनी फाटकातच उरलेलं भांडण पुरं केलं. भाजीवाला तर पंचा दिसला की बोटांनी भाव सांगतो, आणि बायका बोटांनीच घासाघीस करतात. असा हा गल्लीचा बिनपगारी फौजदार.

गेल्या हिवाळ्यात माझीच पाळी आली. माझे वडील आता नाहीत. त्यांच्या आवाजातली एकच कॅसेट आमच्याकडं आहे. सिल्लोडला चुलत्याच्या घरी ते एकदा भजन म्हणाले होते, ती. काकांनी चष्मा चढवून फीत उजेडात धरली.

"लई ठिसूळ झालीया. एकदाच वाजंल. मग तुटली तर रडत यायचं नाय."

रविवारी सकाळी पंचा लटकला, मी खुर्चीत बसलो आणि वडील खोकले. मग म्हणाले, "पेटी जरा खाली घे रे." आणि गायला लागले. मी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले.

भजन ऐन रंगात आलं आणि आमच्याच स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली. लांबलचक. पाठोपाठ दुसरी. सासूबाई आदल्या दिवशीच पडेगावहून आलेल्या, त्यांना पंच्याचा कायदा कुठला ठाऊक! संपलं सगळं, मला वाटलं. बापाचं एकुलतं भजन, आणि त्यात तुरीची डाळ. मी घाबरून काकांकडं पाहिलं. काका डोळे मिटून मान डोलावत होते.

भजन संपलं. बटण दाबलं. "झाली मुकम्मल!" काकांनी सीडी तिथंच वाजवून दाखवली. वडिलांचा खोकला होता, पेटी होती, भजन होतं. शिट्टी कुठंच नव्हती.

मी उठून यंत्राच्या मागं डोकावलो. कॅसेटच्या डेकमधून सीडीच्या डेकमध्ये एक लाल आणि एक पांढरी वायर गेली होती. बस.

"काका, माइक कुठंय?"

"कशाला पायजे? वायरीतून जातंय की सगळं."

"म्हणजे इथं बँड वाजवला तरी..."

"वाजवा. काय फरक पडत नाय."

इतक्या वर्षांची अर्धी कच्ची डाळ माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. "मग अख्ख्या गल्लीला गप्प कशाला बसवायलात हो?"

काका रुमालाची घडी घालत राहिले. मोडून पुन्हा घालत राहिले.

"ही गेल्यापासून लोक येतात, नाय असं नाय. पण दारातूनच. कसंय काका, बरंय ना, येऊ का मग? बोलणारा माणूस लगेच 'येऊ का' म्हणतो बगा. गप्प बसवला, की बसतो. अन् एकट्या खोलीतच खामोशी असली की ती खायला उठती. गल्लीच खामोश असली, म्हंजे कसं, सगळ्यांची होऊन जाती."

माझा राग कुठल्या कुठं गेला. 'येतो' म्हणायच्या ऐवजी मी परत खुर्चीत बसलो.

हे मी गल्लीत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पुढच्या रविवारी घर धुंडाळलं तर एकच कॅसेट सापडली, बायकोनं लग्नाआधी घेतलेली, घरबसल्या इंग्रजी शिकायची. तीच घेऊन गेलो. काकांनी नाव वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि ती लावली. आम्ही दोघं गंभीर चेहऱ्यानं समोरासमोर बसलो. कॅसेटमधला साहेब एक वाक्य म्हणायचा आणि शिकणाऱ्यानं उत्तर द्यावं म्हणून थोडा थांबायचा.

"हाऊ आर यू?" साहेबानं विचारलं, आणि थांबला.

काकांनी दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बराय की."