धोंड्याच्या महिन्यात अभयारण्याला प्रदक्षिणा

सायकल घ्यायचा निर्णय माझा होता. ती घरात कुठे ठेवायची हा निर्णय मात्र कुणीच घेतला नव्हता, आणि तिथेच सगळं बिघडलं.

वारज्यातल्या आमच्या फ्लॅटला एकच गॅलरी आहे. तिथे लग्नापासून कपडे वाळतात. सायकल आली तशा चादरी दारांवर वाळायला लागल्या आणि माझे बनियन जागा मिळेल तिथे (एक टीव्हीवर वाळत होतं. पाहुणे बसले होते). एवढं करून सायकल मी एकदाच चालवली होती, दुकानातून घरापर्यंत. तीही अर्ध्या रस्त्यात हातात धरून.

शेवटी पूर्णिमा, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, "सोसायटीतली मंडळी रविवारी सुप्याच्या अभयारण्याभोवती सायकलवर फेरी मारणार आहेत. तुम्ही जा. फेरी पूर्ण केलीत तर सायकल गॅलरीत राहील. नाहीतर सोमवारी विकायची."

"पूर्ण केली हे तुला कसं कळणार?"

"मोबाइलच्या नकाशावर रेघ उमटते ना तुमची? तिची दोन टोकं जोडलेली दिसली पाहिजेत."

बायकोला कुठलंही ॲप समजावून सांगू नये. पण खरं सांगतो, सायकल जाणार हे मला सहन होईना. चालवत नसलो म्हणून काय झालं? रोज सकाळी चहा घेताना मी तिच्याकडे बघायचो. बघूनच तब्येत सुधारल्यासारखी वाटायची.

रस्ता ठरवला दत्तप्रसादने. हा आमच्या वरच्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा, सायकल ग्रुपचा कॅप्टन. आत चिंकारा हरणं, त्यांना त्रास नको, म्हणून बाहेरून गावागावांतल्या रस्त्याने गोल फिरून पुन्हा अभयारण्याच्या फाटकाशी यायचं. नकाशा बघितला, तर बरोबर अर्ध्या वाटेवर आमची सासरवाडी!

"आईला कळवून ठेवू?" पूर्णिमाने विचारलं.

"अजिबात नको. मी थांबणारच नाही. हेल्मेट, गॉगल, सुर्रकन निघून जाईन."

"अहो, धोंड्याचा महिना चालू आहे."

"चालू दे की!"

(एवढ्या आत्मविश्वासाने मी पुन्हा काही बोलेन असं वाटत नाही.)

रविवारी सकाळी टेम्पोने सायकली फाटकापाशी उतरवल्या. दत्तप्रसादने मला 'स्वीपर' केलं. मला आधी तो मान वाटला. स्वीपर म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारा, हे सगळे दिसेनासे झाल्यावर कळलं. पण रस्ता छान होता. ढग होते, वारा होता, कुंपणापलीकडे दोन चिंकारा कान टवकारून माझ्याकडे बघत होत्या. त्या पळाल्या नाहीत. माझ्या वेगाला घाबरून पळावं असं त्यांना वाटलं नसावं.

सासरवाडीची वेस आली. मी मान खाली घालून पेडल मारायला लागलो. तेवढ्यात पारावरून एका बाईचा आवाज आला, "अगं बया! हे बायडाबाईचं जावई न्हवं का?"

हेल्मेट डोकं झाकतं, पोट झाकत नाही. पुढच्या वळणावर सासूबाई, म्हणजे बायडाबाई, रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. (फोन माझ्या सायकलपेक्षा जोरात गेला होता.) शेजारी मेहुणा जयसिंग. मी ब्रेक दाबला, दुसरा मार्गच नव्हता.

"जावयबापू, गाडी कुठं हाय?"

"गाडी पुण्यात. मी सायकलवर आलोय."

सासूबाईंनी जयसिंगकडे बघितलं. मग माझ्या आखूड, अंगाला चिकटलेल्या सायकलच्या चड्डीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"ऑफिस बरं चाललंय न्हवं?"

"ऑफिसला जात नाही हल्ली. घरीच असतो." (घरूनच काम चालतं, हे सांगायला दम उरला नव्हता.)

"घरीच असता?"

"हो ना. पूर्णिमाही वैतागलीय. सोमवारी विकायचं म्हणतेय."

"काय विकायचं?" सासूबाईंचा आवाज चिरका झाला.

मी सायकलकडे बोट दाखवलं. एवढीच उरली म्हटल्यावर सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"आन् आता निघालाय कुठं?"

"कुठं नाही. गोल फिरून परत तिथंच."

"कशापायी?"

"असंच."

जयसिंगने माझ्या हातातून सायकल घेतली, आजाऱ्याच्या हातून पिशवी घ्यावी तशी. पुढच्या क्षणी मी पाटावर होतो. जावई अधिक महिन्यात दारात आलाय आणि तोही अशा अवस्थेत! पाय धुतले, ओवाळलं, कुंकू लावलं, डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं. ताटात पुरणाचे धोंडे आणि वर तुपाची धार.

"दोनच," मी म्हणालो.

"खावा हो," सासूबाई म्हणाल्या. "पोटाला मारून कसं चालंल?"

पाच मी मोजले. मग मोजायचं सोडलं. वर अनारसे. उठायला गेलो, तर जयसिंगला हात द्यावा लागला. सायकलवर टांग टाकायचा प्रयत्न केला, तर टांग गुडघ्यापर्यंतच गेली. बघतो तर सायकल त्याच्या पिकअपमध्ये चढलेली, शेजारी ज्वारीची पोती, तुरीची डाळ, लसणाच्या गड्ड्या.

"अरे, मला गोल पूर्ण करायचाय!" मी कळवळून म्हणालो.

"करू की, दाजी! बसा पुढं. त्यात काय एवढं?"

आणि खरोखर त्याने राहिलेल्या अर्ध्या अभयारण्याला पिकअपने प्रदक्षिणा घातली. मोबाइल खिशात होता आणि रेघ उमटत होती. बंद करावा असं माझ्या मनात आलं. पण मनात पुष्कळ काही येतं.

फाटकापाशी दत्तप्रसाद आणि मंडळी घामाघूम उभी होती. मी टोपी-उपरण्यात, कपाळाला कुंकू लावून, पिकअपमधून उतरलो.

"सर," दत्तप्रसाद शांतपणे म्हणाला, "आपण फेरीला गेला होतात की वऱ्हाडाला?"

तशाच थाटात मी वारज्याला घरी आलो. जयसिंग खाली पोती उतरवत होता. मी सायकल घेऊन आधी वर गेलो आणि पूर्णिमासमोर मोबाइल धरला. रेघेची दोन्ही टोकं जोडलेली होती.

तिने चष्मा लावला. "अर्ध्यापासून पुढे वेग ताशी साठ?"

"उतार होता."

"गोल रस्त्याला निम्म्याहून जास्त उतार?"

तेवढ्यात जयसिंग पोतं खांद्यावर घेऊन दारात आला. "आक्के, ही ज्वारी कुठं ठिवू? आन् काळजी करू नगंस. दिस पालटत्यात." डोळे पुसत तो दुसरं पोतं आणायला गेला.

पूर्णिमाने ज्वारी बघितली, डाळ बघितली, मग मला बघितलं. मला वाटलं, आता संपलं. मुकाट्याने सायकलचा फोटो काढायला घेतला. जाहिरातीत टाकायला.

"ऱ्हाऊ द्या... राहू द्या," ती म्हणाली. माहेरचा माणूस दारात आला की तिची भाषा जरा घसरते. "आईचा मघाशीच फोन आला होता. नोकरी खरंच गेली का, विचारत होती."

"मग? सांगितलंस ना सगळं नीट?"

"म्हटलं, चाललंय कसंबसं."

सायकल नाही म्हणून आज गॅलरीतल्या दोरीवर टाकलेल्या चादरी तिने काढल्या, सायकल स्वतः ढकलत आत नेली आणि भिंतीला नीट टेकवून ठेवली.

"पुढच्या रविवारी मावळात जा," ती म्हणाली. "माझी आत्या असते तिकडे. महिना संपायला अजून अवकाश आहे, आणि तिच्याकडचा इंद्रायणी तांदूळ चांगला असतो."

"जातो की!" मी हेल्मेट उराशी धरलं.

"ते नको. चेहरा दिसायला हवा. आणि तो काखेत उसवलेला टी-शर्ट आहे ना, तो घालून जा."