पुरसोचा उजवीकडे जाणारा बॉल

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी पुरसोचा विषय काढला की त्याच्या चार गमती सांगायचो आणि पाचवी गोष्ट गिळून टाकायचो. पुरसोला जाऊन आता वर्ष होत आलं. तो वाचणार नाही म्हणून लिहितोय. त्यात धीटपणा काही नाही.

आमच्या चोपड्याला, नदीच्या काठावर, पुरसो रोज सकाळी गोल्फ खेळायचा. बॉल न घेता.

पाण्यावर धुकं असायचं. पलीकडचे माड अजून उमटलेले नसायचे. पुरसो ओल्या वाळूत पाय रोवून उभा राहायचा. हातात खाणीवरच्या साहेबांनी टाकून दिलेली लोखंडी डोक्याची काठी, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. काठी सावकाश मागे जायची, वर जायची, क्षणभर तिथेच झोपी गेल्यासारखी थांबायची आणि सुंईकन खाली यायची. मग तो कपाळावर हात धरून धुक्यात बघत राहायचा. खरा बॉल जितका वेळ हवेत राहील, तितका वेळ. शेवटी मान हलवायचा.

"उजव्यान गेलो."

हरमलला निघालेले पर्यटक स्कूटर थांबवून तेही धुक्यात बघायचे. एका गोऱ्याने एकदा टाळ्या वाजवल्या, तर पुरसो रागावला. "टाळये कित्याक? चुकलो तो."

आमच्या पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, न राहवून विचारलं, "पुरसो, जो बॉलच नाय, तो उजव्यान गेलो ह्या तुका कसा कळता?"

"तू झाकलेल्या पाटयेत न बगता हात घालून उंडो काढतस काय नाय? तसा."

जगातली सगळी कामं पुरसोच्या लेखी एकच काम होतं. डोकं स्थिर, मनगट सैल, जोर कमरेतून. लाकूड फोडणाऱ्याला तो थांबवायचा, दगडावर कपडे आपटणाऱ्या बायकांना शिकवायचा आणि शिव्या खाऊन यायचा. लग्नात अक्षता टाकणाऱ्यांच्या खांद्यांवर नजर ठेवायचा. डॉक्टर इंजेक्शन द्यायला वाकले, तर हा पालथा पडून म्हणतो, "डाक्टर, मनगट सैल सोडा. कमरेतसून येवंदे." कमरेतच टोचायचं होतं, त्यामुळे डॉक्टरांचा गोंधळ झाला.

लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "आदी ह्यो बॉल सरळ जावंदे." लोक हसायचे. मीही हसायचो. पण तो बॉल उजवीकडे का जातो, हे साऱ्या गावात मला एकट्याला ठाऊक होतं.

आम्ही दोघे डिचोलीकडच्या एका खाणीवर कामाला होतो. मी कचेरीत कारकून, पुरसो साहेबांच्या गोल्फच्या मैदानावर रोजंदारीवर. मैदान म्हणजे उघडा सडा, नुसता कातळ. गवत टिकायचं नाही, म्हणून प्रत्येक भोकाभोवती खनिजाची तांबडी भुकटी जळक्या तेलात कालवून पसरलेली. बॉल पडला की तिच्यावर ठसा उमटायचा. पुरसो गोणपाट ओढून ठसे पुसायचा आणि साहेबांच्या पिशव्या वाहायचा. वाहता वाहता बघून बघून खेळ शिकला.

खंडेनवमीला डंपरांची पूजा व्हायची, शॉवेलची व्हायची, आणि साहेबांच्या काठ्यांनाही झेंडूचे हार पडायचे. त्या दिवशी कामगारांना एकेक फटका मारायला मिळे. एका वर्षी मोठे साहेब म्हणाले, ज्याचा बॉल झेंड्याच्या सगळ्यात जवळ पडेल, त्याला मैदानावर कायम करू, नवीन साहेबांना तो खेळ शिकवील.

झेंड्यापाशी मोजायला मी होतो. मध्ये उंचवटा होता, मारणाऱ्यांना झेंड्याचं फक्त टोक दिसायचं. माझ्या मेहुण्याचा बॉल नशिबाने दोन हातांवर येऊन थांबला होता. तोही रोजंदारीवर, आणि बायको रोज माझ्या कानाशी. शेवटी पुरसोची पाळी.

बॉल आभाळातून अगदी सावकाश आला, असं मला अजून दिसतं. तांबड्या भुकटीवर टेकला, एक रेघ ओढत गेला आणि भोकात उतरला. आवाजसुद्धा नीट झाला नाही.

मी तो काढून खिशात टाकला. गोणपाट ओढून ती रेघ पुसली. आणि उंचवट्यावर चढून उजवीकडे हात केला, काजीच्या, म्हणजे काजूच्या, रानाकडे.

मेहुणा कायम झाला. खेळ त्याला कधीच आवडला नाही. दोन वर्षांत खाण बंद पडली, तो आखातात गेला. पुरसो काठी घेऊन घरी आला आणि आपली चूक शोधू लागला.

गेल्या वर्षी त्याला धाप लागायला लागली, तेव्हा मी ठरवलं की आता सांगायचंच. वाक्य पाठ केलं: पुरसो, तो बॉल आत गेला होता, मी खोटं बोललो, मला माफ कर. सकाळी काठावर गेलो. तो वाळूत बसून दम खात होता.

"पुरसो, त्या खंडेनवमीचो तुजो बॉल..."

"हाताक बरो लागल्लो तो, दत्ताबाब," तो म्हणाला. "एकदम बरो. मी म्हटलां गेलो भितर. आणि बगतंय तर तुमचो हात उजवीकडे. तेव्हापासून ह्या हातार माझो इश्वास नाय. हात फसयता माणसाक."

त्याने काठीच्या डोक्यावरची वाळू पुसली.

"पण एक सांगतंय. त्या दिसा माझ्यासाठी तुमी काजीत शिरून बॉल सोदलास. पायांक रगत येयपर्यंत. सगळे जेवूक गेल्ले. माझो बॉल सोदूक दुसरो कोण येवचो नाय. तां मी विसरूक नाय."

शिरलो होतो खरा. बॉल खिशात ठेवून तासभर शोधायचं नाटक केलं होतं. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. पुरसो काठीचा आधार घेत उठला आणि माझ्याकडे बघत राहिला, मी काहीतरी बोलणार हे ओळखून.

"तुजी डावी टाच उचलता रे," मी म्हटलं. "म्हणान तो उजव्यान जाता."

त्याचा चेहरा उजळला. "खरांच? इतकी वर्सां कोणी सांगूक नाय माका."

त्याने टाच वाळूत घट्ट दाबली, काठी उचलली, आणि मी बघतोय ना, म्हणून एकदा मागे वळून पाहिलं. मी मान डोलावली.